डाव्या खांद्यावरचे वळ

मोद्रिस क्राउक्लिस पंधरा वर्षं बॉबस्लेच्या गाडीत बसला, पण बर्फाचा ट्रॅक त्याने धावत्या गाडीतून एकदाही पाहिला नाही. ब्रेकवाल्याचं कामच तसं. वरच्या टोकाला मागून जीव खाऊन गाडी ढकलायची, ती पळायला लागली की आत उडी टाकायची आणि खाली पोचेपर्यंत डोकं गुडघ्यांत खुपसून बसायचं. पुढे चालक असतो. बघायचं त्याने, वळवायचं त्याने. मागच्याने शेवटी ब्रेक ओढायचा आणि मधल्या वेळात देवाचं नाव घ्यायचं, पण आमच्या सिगुल्दा गावात देवाचं नाव घेणारे आधीच कमी.

असं काम खरं तर भोळ्या माणसाला द्यावं. मोद्रिस ताकही फुंकून पिणारा. दुकानातून पाव आणला तरी खालून दाबून बघायचा. कुणी 'काय, बरं चाललंय ना?' असं विचारलं, तर याने का विचारलं असेल यावर त्याचा दिवस जायचा. मोद्रिस या नावाचा अर्थच आमच्या भाषेत सावध असा आहे, त्यामुळे निम्मा दोष त्याच्या आईकडे जातो.

उरलेला निम्माही तिच्याकडेच जातो. लहान असताना तिला आईबापांसकट हद्दपार करून सायबेरियात नेलं होतं. कुणीतरी चुगली केली होती, कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. परत आल्यावर ती लिगात्नेच्या कागद कारखान्यात लागली, संसार केला, आणि आयुष्यभर सगळ्याच शेजाऱ्यांवर संशय घेतला. एकाला वगळलं आणि नेमका तोच निघाला तर? मोद्रिस या हिशेबात वाढला. दार वाजलं की आधी पडदा किंचित सरकवायचा, मग कडी काढायची, हे तो चालायला शिकला तेव्हाच शिकला.

तो थाळीफेक करायचा, बरी करायचा. एका हिवाळ्यात लाकडांनी भरलेला ट्रेलर बर्फात रुतला होता, तो याने एकट्याने खांदा लावून बाहेर काढला. ते प्रशिक्षक झिगुर्ड्सनी पाहिलं. गाडी थांबवून ते खाली उतरले.

"माझ्याकडे येतोस का, पोरा? बॉबस्लेला?"

"का?"

"का म्हणजे? तुला ढकलता येतं म्हणून."

"पण मीच का?"

झिगुर्ड्स पुढे बरीच वर्षं ही गोष्ट सांगून हसायचे. मोद्रिस पंधरवडाभर लोकांना विचारत फिरला, की हा म्हातारा कसा आहे, आधीच्या ब्रेकवाल्याचं काय झालं, तो स्वतःहून गेला की घालवला. सगळी खात्री झाली तेव्हा आला, आणि आला तो टिकला.

सुरुवातीची वर्षं याच्या त्याच्या मागे बसण्यात गेली. मग त्याला ओयार्स मिळाला. ओयार्स वीतोल्स गॅरेजमध्ये काम करायचा, हाताने काळा आणि तोंडाने मोकळा. गाडीच्या पोलादी पात्यांना तो स्वतः पॉलिश करायचा, आणि ट्रॅकची सोळाही वळणं त्याला घरच्या जिन्यासारखी पाठ होती. प्रत्येक फेरीआधी तो मोद्रिसकडे वळून एकच वाक्य म्हणायचा, "तू ढकल, बाकीचं मी बघतो." पहिल्या वर्षी मोद्रिसला ते वाक्य खटकलं. बाकीचं म्हणजे नक्की काय? दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी ओयार्स घशाच्या दुखण्यामुळे ते म्हणाला नाही, तर याचा पाय पहिल्याच पावलाला सटकला.

नऊ वर्षं दोघं एका गाडीत बसले. एकदा युरोपच्या स्पर्धेत तिसरे आले. लाकडाच्या वखारीतला मोद्रिसचा मालक त्या दिवशी सगळ्यांना बिअर पाजत होता, आणि मोद्रिस विचार करत होता की हा एवढा खूश का. ऑलिंपिकला मात्र तो एकदाच गेला, तोही राखीव म्हणून. लोकांची पाती वाहिली, लोकांच्या गाड्या उचलल्या, देशाचा लाल कोट अंगात घालून कठड्याबाहेर उभा राहिला. परत आल्यावर त्याने तो कोट कपाटात सगळ्यात मागे टांगला. बायकोने, वेल्गाने, एकदा तो उन्हात टाकायला काढला तर म्हणाला, "राहू दे. तो माझा नाही अजून."

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, तिथल्या बर्फावर ढकलायचं. वय पस्तिशीला आलं होतं. पुढच्या ऑलिंपिकची संघनिवड त्या डिसेंबरमध्ये सिगुल्द्यातच होणार होती, आणि यानंतर संधी नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबरात ट्रॅकवर बर्फ धरलं आणि पहिल्याच आठवड्यात गाडी भिंतीला घासली. नंतर पुन्हा घासली. घासते कधीतरी, सगळ्यांचीच घासते. पण मोद्रिसला वळणं अंगाने कळायची. डोकं खाली असलं तरी कुठलं वळण येतंय, गाडी केव्हा चढणार, केव्हा उतरणार हे त्याच्या गुडघ्यांना आधी समजायचं. आणि त्याला जाणवत होतं की गाडी वळायला उशीर होतोय. अगदी किंचित, पापणी लवण्याएवढा.

"डावीकडे आपटलो आपण," खाली आल्यावर तो म्हणाला.

"तू वाकडा बसलास," ओयार्स हेल्मेट काढता काढता म्हणाला. "उडी नीट पडली नाही तुझी. गाडी ओढली गेली."

झिगुर्ड्स शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मोद्रिसच्या मनात पाल चुकचुकली. नऊ वर्षांत ओयार्सने त्याला वाकडा म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचंच होतं तर ते नेमकं झिगुर्ड्सच्या कानाशी का?

त्याला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच उन्हाळ्यात रेनार्स नावाचा एक पोरगा झिगुर्ड्सकडे आला होता. आधी धावपटू होता, मांड्या ओंडक्यासारख्या, वय बावीस. कानामागून आला आणि तिखट झाला. सगळे त्याच्या ढकलण्याचं कौतुक करत होते. मोद्रिसने दुवे जुळवले. ओयार्स मुद्दाम भिंतीला घासतोय. चारदा वेळ बिघडली की झिगुर्ड्स स्वतःच म्हणतील, मोद्रिस आता थकला, या पोराला बसव. म्हणजे ओयार्सला वाईटपणा नाही आणि ब्रेकवालाही नवा. सापही मेला आणि काठीही तुटली नाही.

शनिवारी वाफेच्या खोलीत, अंग मोकळं व्हायला आमच्याकडे मारतात तशी, वेल्गा भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी घेऊन त्याच्या पाठीवर मारत होती, ती मध्येच थांबली.

"हे काय रे? सगळे वळ डावीकडेच?"

डावा खांदा, डावा दंड, डावी बरगडी, सगळं काळंनिळं. उजवी बाजू बाळासारखी गोरी.

"मुद्दाम करतोय तो," मोद्रिस बाकावर पालथा पडल्या पडल्या म्हणाला, आणि सगळी मांडणी तिला ऐकवली.

वेल्गा पोस्टात खिडकीवर बसायची. माणसांच्या तक्रारी ऐकायची तिला सवय होती. "आणि त्याचं स्वतःचं अंग नाही का आपटत? चालकच आधी आपटतो ना?"

"दुसऱ्याला अपशकुन करायला लोक स्वतःचं नाक कापून घेतात."

"लोक घेतात. ओयार्स घेईल?"

"ओयार्स लोकांतलाच आहे."

तिने जुडी पाण्यात बुडवली आणि जरा जोरातच हाणली. "तुझ्या आईला सांगायला हवं होतं मी, की एखादा तरी शेजारी सोड म्हणून. निदान पोराला एक मिळाला असता."

पुढच्या आठवड्यात बाजारात ओयार्स दिसला. धुरी दिलेल्या माशांच्या टपरीवरून तो पिशवी घेऊन निघाला होता. मोद्रिस समोरून आला, ओयार्सच्या डाव्या अंगाने, आणि हात वर केला. ओयार्स हाताच्या अंतरावरून निघून गेला. ना थांबला, ना मान हलवली. मोद्रिसचा हात तसाच वर राहिला. मासेवाल्या बाईने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मोद्रिसने पाहिलं. त्या दिवशी त्याला खरोखर वाईट वाटलं. संशय असला तरी माणूस आतून आशा धरून असतो, ती त्या टपरीपाशी गळून पडली.

म्हणून दोन दिवसांनी ओयार्सने जे विचारलं, त्याने मोद्रिस हबकलाच.

"रविवारी अळंबीला येतोस का?"

"कुठे?"

"माझ्या जागी."

आमच्याकडे माणूस घराची किल्ली शेजाऱ्याला देईल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. सांगतात ती मरताना, तीही शुद्ध असली तर. ओयार्सची जागा तर सगळ्या सिगुल्द्यात गाजलेली. ऑगस्ट लागला की त्याच्या टोपल्या बघून लोकांची पोटं दुखायची. त्याच्या मोटारीमागे मोटारी लावून झाल्या होत्या. तो त्यांना अख्खा जिल्हा फिरवून पेट्रोलपंपावर आणून सोडायचा. स्वतःच्या सासूला त्याने कधी सोबत नेलं नव्हतं.

"बोकड कापायचा असला की आधी त्याला ओवाळतात," मोद्रिस घरी येऊन म्हणाला.

"नको जाऊस मग."

"जाणार. काय म्हणतो ते तर ऐकू. पण अंधार पडेपर्यंत आलो नाही, तर झिगुर्ड्सना फोन कर."

वेल्गाने कपाळाला हात लावला.

ते अमाता नदीपलीकडे गेले, मोटार एका पडक्या कोठाराआड लावली आणि पाइनच्या रानात शिरले. ओयार्स पुढे, मोद्रिस मागे. ओयार्स त्या दिवशी विचित्र चालत होता, कोंबडीसारखी मान वळवत, कधी या अंगाला कधी त्या. आणि बोलत किती होता. हा जोडभूर्ज बघ, इथून उजवीकडे. हा चर ओलांडला की पिवळ्या अळंब्या, पण पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी, आधी नाही. त्या उतारावर पहिला गारठा पडला की बघ. लक्षात राहील ना?

"मला कशाला सांगतोयस?"

"असंच."

"असंच कुणी सांगत नाही, ओयार्स."

ओयार्स थांबला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मग वाकून बुटाची नाडी बांधली, आणि पुन्हा चालायला लागला. दहा-बारा पावलांवर, त्याच्या डाव्या बुटाला जवळजवळ लागून, एक बाराविका उभी होती. अळंब्यांची राणी, पावाएवढं तपकिरी डोकं, जाड पांढरा देठ, मॉसमधून नुकती वर आलेली. आंधळ्यालाही दिसावी अशी. ओयार्सचा बूट तिच्या शेजारी पडला, उचलला गेला आणि पुढे गेला.

मोद्रिस जागीच थांबला. "ओयार्स. आणि ही?"

ओयार्स अख्खा वळला, आधी खांदे, मग मान. बाराविका बघितल्यावर त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो हसला.

"ती तुझ्यासाठी ठेवली."

झालं. आता मोद्रिसला कसलीही शंका उरली नाही. जो माणूस सासूला अळंबी दाखवत नाही, तो दुसऱ्यासाठी बाराविका सोडतो? मन खात असल्याशिवाय कुणी असं करत नाही. मान कापण्याआधी हातात लाडू दिलाय याने. मोद्रिसने ती उपटली, टोपलीत टाकली आणि आभारसुद्धा मानले नाहीत. घरी वेल्गाने ती कापली, आत एक कीड नव्हती. कांदा आणि साय घालून तिने परतली, सगळ्या घरात वास सुटला. मोद्रिसने घास घेतला नाही. वेल्गाने सगळी संपवली आणि म्हणाली, "संशयाची चव चांगली लागते."

नोव्हेंबरात वेळा आणखी बिघडल्या. दर वेळी ओयार्सचं तेच, उडी नीट पडली नाही, वाकडा बसलास. शेवटी झिगुर्ड्सनी दोघांना बोलावलं. रेनार्सही तिथे होता, पोरगा नजर खाली घालून उभा.

"ओयार्स, एक आठवडा रेनार्सला घेऊन बघ," झिगुर्ड्स म्हणाले. "मोद्रिस, तू मनाला लावून घेऊ नकोस."

मोद्रिस ओयार्सकडे बघत होता. आता हा मान खाली घालेल, थोडं नाही-नाही म्हणेल आणि मग तयार होईल.

"मला मोद्रिसच हवा," ओयार्स म्हणाला. "नाहीतर मी बसत नाही."

"तूच म्हणतोस ना तो वाकडा बसतो?"

"वाकडा बसू दे. मला तोच हवा."

सगळ्यांना ते फार आवडलं. रेनार्सने तर मोद्रिसचा हात हातात घेतला. मोद्रिसला मात्र रात्रभर झोप नाही. दोष द्यायचा आणि सोडायचं नाही, हे कुठल्या जातीचं राजकारण? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि नेमकं कुठे तेच त्याला कळत नव्हतं.

निवडीच्या दिवशी गारठा कडक होता. दोन फेऱ्या व्हायच्या होत्या. पहिल्या फेरीत ते डावीकडे दोनदा आपटले, एकदा तर गाडी इतकी तिरपी झाली की मोद्रिसचं हेल्मेट भिंतीला खरवडत गेलं. तरी ढकलणं इतकं जबरदस्त झालं होतं की ते तिसरे होते. दुसऱ्या फेरीत थोडं बरं झालं की संघात. मोद्रिसला कपाटातला लाल कोट दिसायला लागला.

दुसऱ्या फेरीसाठी वर पोचल्यावर ओयार्स खिसे चाचपत होता.

"माझा मोजा बघितलास का? डावा?"

काळा हातमोजा ओयार्सच्या डाव्या बुटाशी पडला होता, पांढऱ्याशुभ्र बर्फावर. ओयार्सने उजवीकडे बघितलं, मागे बघितलं, पिशवी उलटी केली. मोद्रिस बघत राहिला. बूट, आणि बुटाला लागून काळा मोजा. बूट, आणि बुटाला लागून बाराविका. माशांची टपरी आणि वर राहिलेला हात. डावा खांदा, डावा दंड, डावी बरगडी.

त्याने वाकून मोजा उचलला आणि ओयार्सच्या डाव्या कानाजवळ धरला. ओयार्स खिसेच चाचपत होता. मोद्रिसने हात सावकाश पुढे सरकवला. गालापर्यंत आला तरी काही नाही. नाकासमोर आला तेव्हा ओयार्स दचकला.

"कुठे होता?"

"इथेच."

एवढ्यात त्यांची नावं पुकारली गेली. सवयीने दोघं गाडीपाशी गेले, ओयार्सने आपला दांडा धरला, मोद्रिसने मागचे दोन. दिवा हिरवा झाला. दिवा लागला की एका मिनिटात सुटायचं असतं.

"कधीपासून?" मोद्रिसने मागून विचारलं.

"काय कधीपासून?"

"डावा डोळा."

ओयार्स पुढेच बघत होता. त्याच्या तोंडाची वाफ वर जात होती. "जूनपासून. सगळा नाही गेला. उजेड कळतो." मग तो किंचित वळला आणि नेहमीसारखं म्हणाला, "तू ढकल, बाकीचं मी बघतो."

मोद्रिसला संताप आला. दोन महिने हा आपल्या डोळ्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडत होता. वाकडा म्हणाला, झिगुर्ड्ससमोर म्हणाला. वेल्गाचा नवरा याच्या मागे डोकं खाली घालून बसत होता, आणि याला उजेड तेवढा कळत होता. आणि त्या संतापाच्या खाली, लाज वाटावी इतकी स्पष्ट, ती दुसरी गोष्ट होती. जायचंय मला. पहिली फेरी उतरलो ना? ही पण उतरू. पन्नास पावलं ढकलायचं आणि डोळे मिटायचे, माझे तसेही मिटलेलेच असतात.

आयुष्यभर त्याने जगावर संशय घेतला होता. त्या मिनिटात त्याला पहिल्यांदा स्वतःचा आला. हात दांड्यावर राहिले तर पाय आपोआप पळतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने हात काढले आणि पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च धरले.

"ढकल," ओयार्स म्हणाला. "मोद्रिस, ढकल रे."

कठड्यावरचे लोक ओरडायला लागले. ओयार्सने एकट्याने जोर लावला, गाडी थोडी हलली आणि थांबली. दिवा लाल झाला.

ओयार्सने हेल्मेट काढून बर्फावर आपटलं. "कितीला विकला गेलास?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

झिगुर्ड्स धावत आले. "काय झालं? पाय आखडला का? मोद्रिस, बोल काहीतरी."

एक वाक्य पुरलं असतं. मोद्रिसने ओयार्सकडे पाहिलं. तो मान जराशी डावीकडे वळवून उभा होता, उजवा डोळा त्याच्यावर रोखून. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. मोद्रिसला माहीत होतं पुढे काय होईल. आधी हा डोळा. मग लोक म्हणतील, याने मुद्दाम दुसऱ्याचा जीव टांगणीला लावला. मग जुन्या शर्यतीही उकरतील, तेव्हा तरी दिसत होतं का म्हणून. संशय एकदा घरात शिरला की भांडीकुंडीसुद्धा सोडत नाही. हे मोद्रिसइतकं कुणाला माहीत असणार?

"भीती वाटली मला," तो म्हणाला.

ते खोटंही नव्हतं.

त्यांच्या जागी दुसरीच गाडी ऑलिंपिकला गेली. ओयार्सने पाठीच्या दुखण्याचं सांगून त्याच वसंतात खेळ सोडला, आणि त्याची पाठ कुणामुळे मोडली हे सगळ्यांनी आपापसांत ठरवलं. एप्रिलमध्ये वेल्गाच्या मावशीने त्यांच्या घरावर नवीन पत्रे घालून दिले, तर विकला गेल्याचे पैसे इथे दिसले म्हणून गाव वर बघून माना डोलवायला लागलं. मोद्रिस दुकानात शिरला की बोलणी थांबायची. वखारीत कुणी त्याच्याबरोबर ओंडक्याचं दुसरं टोक धरायला पटकन पुढे यायचं नाही. मध्येच सोडून दिलं तर? झिगुर्ड्स रस्त्यात भेटले तर हात मिळवायचे, पण ती 'मीच का'ची गोष्ट सांगून हसायचे बंद झाले होते. आणि ओयार्स गप्प होता. तेच मोद्रिसला सगळ्यात जास्त लागलं. लोकांचं काय, लोक बोलणारच. पण ज्याला खरं माहीत होतं, तोही महिन्यांमागून महिने एक शब्द बोलला नाही.

"सांगून टाक ना," वेल्गा म्हणायची. "निदान झिगुर्ड्सना."

"आता सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला असता का?"

उन्हाळा सरताना मोद्रिसचा नावदिवस, म्हणजे कॅलेंडरात त्याच्या नावाला दिलेला दिवस, आला. नावदिवसाला आमच्याकडे बोलावणं नसतं. ज्याला यावंसं वाटेल तो येतो, यजमानाने फक्त कॉफी आणि केक तयार ठेवायचा. आधी त्या दिवशी मोद्रिसच्या अंगणात उभं राहायला जागा नसायची. वेल्गाने सवयीने मोठा थोरला गोड पाव भाजला, केशर आणि मनुका घालून, वर बदाम पेरले. दहा बशा मांडल्या. दुपारी तिने त्यातल्या सहा उचलून ठेवल्या, मग आणखी दोन. मोद्रिस खिडकीशी बसला होता, पडद्याच्या फटीतून रस्ता बघत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी यावं म्हणून बघत होता.

कॉफी दुसऱ्यांदा थंड झाली तेव्हा फाटक वाजलं. ओयार्स होता. हातात फुलं नव्हती, दोन रिकाम्या टोपल्या होत्या. पायरी चढताना त्याने डाव्या हाताने भिंत चाचपली.

आत येऊन तो बसला, वेल्गाने दिलेला पावाचा तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग बशीकडे बघत म्हणाला, "जंगलात त्या दिवशी सांगणार होतो तुला. म्हणून नेलं होतं. सगळा रस्ता धीर गोळा करत होतो, आणि मग त्या बाराविकेने सगळं मोडलं."

"हं."

"रेनार्सबरोबर मी एक फेरी उतरलो नसतो. तुझे गुडघे माझ्या कमरेला लागायचे ना, वळण यायच्या आधी तू त्या अंगाला दाबायचास. तुला कळायचंही नाही. डावीकडचं मी सगळं तुझ्या गुडघ्यांवर चालवत होतो."

"आणि वर मलाच वाकडा म्हणत होतास."

"हो," ओयार्स म्हणाला. "म्हणत होतो. आज सकाळी झिगुर्ड्सकडे जाऊन सांगून आलो सगळं. अजून विश्वास बसत नाहीये त्यांचा. म्हणतात, मोद्रिसने पढवून पाठवलं का तुला?"

वेल्गाला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदराला हात पुसावा तसा एप्रनला डोळा पुसला. मोद्रिस हसला नाही. त्याने थंड कॉफीचा कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"चल," ओयार्स उठला. "पाऊस होऊन चार दिवस झाले. आणि या खेपेला तू पुढे."

कोठाराआड मोटार लावून ते रानात शिरले. जोडभूर्जापाशी उजवीकडे, मग चर. मोद्रिस पुढे चालत होता, मान वर, डोळे उघडे. ओयार्स त्याच्या मागे, डोकं खाली घालून पाय कुठे पडतोय ते बघत. उतारावर, मॉसमध्ये, वाटेच्या उजव्या अंगाला एक बाराविका उभी होती, तरणी, अंगावर अजून दव. मोद्रिसने बूट तिच्या शेजारी टाकला, उचलला आणि पुढे गेला.

मागची पावलं थांबली. चाकू उघडल्याचा आवाज आला.

"माझ्यासाठी ठेवलीस?" ओयार्सने विचारलं.

"कसली?" मोद्रिस वळला नाही. "मला दिसलीच नाही."

"खोटं बोलतोस, लेका."

"हो," मोद्रिस म्हणाला. "चल, पुढे अजून एक चर आहे. माझा खांदा धर."